अर्धी गोळी

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

बाबांना आज दुपारी घरी आणलं. "आता इथे ठेवून करण्यासारखं काही नाही," हे डॉक्टर इतक्या अदबीनं म्हणाले की मी त्यांना थँक्यू म्हणून बसले. मूर्ख बाई! लिफ्ट नेमकी बंद. खुर्चीत बसवून चौघांनी तिसऱ्या मजल्यावर चढवलं. मध्ये सगळे धापा टाकत थांबले तर बाबा म्हणतात, "उतरवताना एवढा त्रास नाही व्हायचा." चौघांना हसावं की नाही कळेना. हा माणूस असाच आहे. पन्नास वर्षं रामकुंडावर लोकांचे दहावे-बारावे केले, मरणाची भीडभाड कसली ठेवणार!

स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत पसरलेला. वय एक्क्याऐंशी. आता दुखू द्यायचं नाही, एवढंच हातात आहे. त्यासाठी पॅलिएटिव्हवाल्यांची सिस्टर सृष्टी दोन-दोन दिवसांनी येणार. पोरगी माझ्या सईपेक्षाही लहान, पण बोलणं ठाम. मॉर्फिनच्या गोळ्या समजावल्या. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहाला एकेक आणि रात्री दहाला दोन. "काकू, घड्याळ लावून द्यायची. दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधी." एक हिरवी वहीसुद्धा दिली. तिच्यात वेळ, गोळी किती दिली आणि दुखणं दहापैकी किती, ते लिहायचं.

हिरवी वही बघून मी ही निळी काढली. महापालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर अठ्ठावीस वर्षं झाली मला. बाप मेलेल्यांची क्रिया करणार, लेक त्यांचे दाखले काढणार. आई म्हणायची, आपलं घर दोन्हीकडून मेलेल्यांवरच चालतं. तेव्हा मी चिडायचे. आता रजेवर बसून घरातलीच नोंद लिहायची वेळ आली आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस बरे गेले. गोळी लागू पडली आहे. काल बाबांनी अर्धी वाटी मऊ भात खाल्ला आणि मीठ कमी म्हणून मला बोलले. बोलणी खाऊन इतकं बरं वाटलं!

दिवसभराच्या मदतीला मंगलाबाई ठेवल्या आहेत. निफाडकडच्या. "चार म्हाताऱ्यांचं शेवटचं म्याच केलंय ताई, घाबरू नका." कूस बदलायची, पाठ पुसायची, सगळं सराईत. बाबा त्यांना विचारतात, "काय मंगलाबाई, पाचवा मी का?" त्या म्हणतात, "तुमी लय बोलता गुरुजी."

बाबांनी पाचवा म्हटलं आणि माझ्या हातातलं भांडं सुटलं. कोणाच्या लक्षात आलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज डॉक्टर स्वतः येऊन गेले. पोट चढलंय, पाय सुजलेत, डोळे पिवळे. दाराशी चपला घालताना हळूच म्हणाले, "आठवडा, फार तर दहा दिवस." मी मान डोलावली, दार लावलं आणि सरळ स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी गेले.

पंचक. गुरुवार ते सोमवार.

कोणी वाचलं तर हसेल. नोकरी करणारी बाई आणि पंचकाला भिते! चंद्र महिन्यातून एकदा शेवटच्या त्या पाच नक्षत्रांतून जातो, साडेचार-पाच दिवस. त्यात घरात कोणी गेलं की मागोमाग पाच जातात म्हणतात. लहानपणापासून ऐकलं आणि सोडून दिलं होतं. पण ९ एप्रिल २०२१ ला आई गेली तेव्हा पंचक होतं. कोरोनात गेली. लांबून पिशवी दाखवली, बस. अशा वेळी प्रेताबरोबर दर्भाचे पाच पुतळे जाळतात, म्हणजे पाच गेलेच असं होऊन घर सुटतं. ज्या माणसानं उभा जन्म दुसऱ्यांच्या घरचे पुतळे बांधले, त्याला स्वतःच्या बायकोच्या उरावर एक ठेवता आला नाही. नियमच तसे होते, कोणाचा दोष नाही.

सोळा दिवसांनी सईचे बाबा गेले. मग काका. मग काकू. जून उजाडायच्या आत आत्या.

अख्खं शहर तेव्हा मरत होतं हे मला कळत नाही का? माझ्याच टेबलावरून गेलेत ते सगळे. पण मी मोजलं. चार झाले, पाचवा राहिला. साडेचार वर्षं रोज सकाळी उठून मी तो पाचवा राहिलाय हे आठवते, आणि दात घासते, आणि ऑफिसला जाते. आणि आता सई पुण्यात आहे, सातवा महिना, आणि तिचं बीपी वर जातंय. बाबा ह्या पंचकात गेले तर जुना एक आणि नवे पाच. माझ्याकडे एवढी माणसं तरी कुठे आहेत? सई आहे, जावई आहेत आणि तिच्या पोटातलं आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, पंचक कधी आहे हो. पंचांग न बघता म्हणाले, "गुरुवारी दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी लागतं. सोमवारी रात्री अकरा अठराला रेवती संपली की सुटतं. का गं?"

"सहज."

"सहज म्हणून कोणी पंचक विचारत नाही मालू." मग म्हणाले, "पुतळे असतात त्याला. आल्हाद करेल." आल्हाद म्हणजे बाबांचा शिष्य, पंचेचाळिशीचा गृहस्थ, आता त्यांच्या सगळ्या यजमानांकडे तोच जातो.

मी त्यांची उशी सारखी केली. मागे एका घरात पुतळे जाळूनही वर्षात दोन गेले. दोन्ही नोंदी माझ्या हातच्या. दर्भाच्या काड्यांवर सईला सोडून देऊ?

बाबांना आज बोलायची हुक्की आली होती. मालेगावच्या एका यंत्रमागवाल्या शेठची गोष्ट पुन्हा सांगितली. त्याची आई पंचक लागून वीस मिनिटांनी गेली. शेठ पाया पडला, गुरुजी, तेवढी वेळ वीस मिनिटं अलीकडची सांगा, घरातल्या बायका घाबरल्या आहेत. बाबांनी सांगितली नाही. "वेळ मी ठरवत नाही. मी फक्त सांगतो. आणि सांगितली तर खरी सांगतो." हे सांगताना नेहमीसारखी मान ताठ. मला ही गोष्ट लहानपणापासून आवडायची. माझ्याही टेबलाशी लोक येतात, मॅडम, तारीख एक दिवस मागे घ्या ना. मी कधी घेतली नाही. बाबांचीच लेक ना मी.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज चंपाषष्ठी. खालच्या काकूंनी भरीत-भाकरी आणून दिली. घास तोंडात फिरत राहिला.

हे लिहायलाच हवं. सकाळी बाबा इतके निपचित होते की वाटलं, झालं. आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं! उद्या दुपारी दोनच्या आत गेले तर सई सुटली, असं वाटलं. मी देवासमोर जाऊन तसं म्हणालेसुद्धा. मग गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन उभी राहिले. दहा गोळ्यांची पट्टी. किती वेळ उभी होते माहीत नाही. मंगलाबाई मागून म्हणाल्या, "ताई, दोन वाजले, गोळी." मी एकच काढली आणि दिली. पाकीट कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. स्वतःचीच भीती वाटली मला.

सई फोनवर म्हणाली, "आई, मी येऊ का आजोबांना बघायला?" मी वस्सकन ओरडले तिच्यावर. डॉक्टरांनी प्रवास करू नको सांगितलंय ना! बिचारी रडली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दोन वाजून सात मिनिटं झाली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते आणि बाबा माझ्याकडे.

आता उलट. आता सोमवार रात्रीपर्यंत टिकायला हवेत.

सिस्टर सकाळी आली होती. मी तिला विचारलं, ह्या गोळीनं श्वास मंद होतो म्हणतात, माणूस लवकर जातो म्हणतात. तिनं शांतपणे सांगितलं, "नाही काकू. नेमून दिलेल्या डोसनं नाही जात कोणी. आजारानं जातात. गोळी फक्त दुखणं मारते." शिकलेलं बोलते ती. पण बाबा गोळी घेतली की झोपतात, श्वास संथ होतो, हे मी ह्या डोळ्यांनी बघते. त्या झोपेतून उठलेच नाहीत तर?

दोनची गोळी सुरीनं मोडून अर्धी दिली. पाण्यात विरघळवून चमच्यानं देते, त्यामुळे दिसत नाही. हिरव्या वहीत 'एक' लिहिलं.

संध्याकाळी सहाची पण अर्धी. बाबा चमचा चाटून म्हणाले, "आज गोळी हलकी आहे का गं?" मी म्हटलं, कंपनी बदलली. ते "असेल," म्हणाले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळीच जावयांचा फोन. सईला ॲडमिट केलंय. बीपी एकशे साठच्या वर. घाबरण्यासारखं नाही म्हणाले, लक्ष ठेवायला ठेवलंय. घाबरण्यासारखं नाही हे मलाच का सांगतात सगळे?

बाबांना सांगायचं नव्हतं, पण माझ्या तोंडावर असतंच. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. आणि एकदम फुटलेच. म्हटलं, बाबा, सोमवारपर्यंत थांबा. माझ्यासाठी थांबा. काय बोलले मी! मरणाऱ्या माणसाला थांबा म्हणते. त्यांनी माझा हात धरला. हात कढत होता. म्हणाले, "पुतळ्यांनी नाही का होणार तुझं समाधान?" मी मानेनंच नाही म्हटलं. "बरं," म्हणाले. "प्रयत्न करतो."

दुपारी आल्हाद आला. बाबांनी मला चहा करायला पाठवलं. बाबांना मी चहा करायला गेलेली हवी असते तेव्हा काहीतरी माझ्यामागे चाललेलं असतं. दारातून 'पाच' एवढंच ऐकू आलं. मी आत गेले तर आल्हाद डोळे पुसत होता. त्याला म्हटलं, गुरुजींसमोर रडायला येत जाऊ नकोस. उगाच त्याच्यावर राग काढला.

सहाची गोळी दिली नाही. नुसतं साखरेचं पाणी दिलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बाबा लढताहेत. श्वास जोरात आहे, डोळे उघडे आहेत. झोप नाही. कपाळावर थंडीतही घाम. पण आहेत. दिवस दुसरा गेला, उरले दोन.

सिस्टर आली. तिनं हिरवी वही पाहिली, मग बाबांकडे पाहिलं, मग परत वही. "आजोबा, दुखणं दहापैकी किती?" बाबा म्हणाले, "तीन." तिनं पुन्हा विचारलं. "तीन म्हटलं ना. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहन न होणारं, असंच ना? मग तीन."

म्हणजे अर्धी पुरते आहे त्यांना! उगाच मन खात होतं. बाबा खोटं कशाला बोलतील, तेही स्वतःच्या दुखण्याबद्दल? त्यांना भिंतीकडे तोंड करून झोपायला बरं वाटतं म्हणून मंगलाबाईंनी तसंच वळवून ठेवलंय.

सिस्टर गेल्यावर मंगलाबाई स्वयंपाकघरात आल्या. त्यांच्या हातात बाबांचं उपरणं. काठाला चावून चावून भोकं पडलेली. "ताई, हे काय हाय बघा. माणूस उगाच चावतो का? त्यांना लय दुखतंय. तुमी देता ती गोळी पुरंना झाली."

मी म्हटलं, जुनं उपरणं आहे, विरलं असेल.

"मला नका सांगू," एवढंच म्हणाल्या आणि उपरणं धुवायला घेऊन गेल्या. ही बाई उद्या येणार नाही असं वाटलं. आली नाही तर मी एकटी काय करणार आहे?

सईचं बीपी एकशे पन्नास. उतरतंय. बघा, थांबलेत म्हणूनच उतरतंय.

३० नोव्हेंबर, रविवार

मंगलाबाई आल्या. माझ्याशी बोलत नाहीत, पण आल्या.

सकाळची सहाची अर्धी. दहाची नाही. दोनची अर्धी. साडेतीनला बाबांनी हाक मारली. हाक कसली, घशातून घरघर. "चष्मा दे. पंचांग दे. लिहायला काहीतरी दे." गोळीच्या खोक्यातला माहितीचा कागद तेवढा हाताशी होता, त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहीन म्हणाले. मंगलाबाईंनी पाठीशी उशा लावून, खांद्याला धरून बसवलं. अर्धा तास ते गणित करत होते. एक आकडा लिहायचे, डोळे मिटायचे, दात दाबायचे, मग पुढचा. मी बघायला वाकले तर कागदावर हात ठेवला. "मध्ये मध्ये करू नकोस, चुकेल." लहानपणी असंच म्हणायचे.

मग कागदाची घडी घालून पंचांगात ठेवली आणि म्हणाले, "मालू, रेवती आज दुपारी चारला संपली. पंचक सुटलं."

घड्याळात चार वाजून दहा.

मी म्हटलं, कॅलेंडरवर उद्या रात्रीचं आहे. तुम्हीच सांगितलं होतं की अकरा अठरा.

"ते छापील. तोंडपाठ असतं, तेच तोंडात आलं. आत्ता मी आपल्या घरच्या गणितानं काढून पाहिलं. कॅलेंडरवर कधी काम केलंय का मी?"

नाही केलं. खरंच नाही केलं. ह्या माणसानं मालेगावच्या शेठला वीस मिनिटं दिली नव्हती! मी तिथेच पलंगाच्या कडेला बसले आणि हमसून हमसून रडले. चार दिवस छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं. बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवायला बघत होते, हात उचलेना, मग कोपरावरच ठेवला.

"आता दे," म्हणाले. "पूर्ण दे."

मी किल्ली काढली. पूर्ण गोळी दिली. रात्रीच्या दोन वेळेवर देईन. पाऊण तासात त्यांचा जबडा सैल पडला, कपाळ कोरडं झालं. चार दिवसांत पहिल्यांदा ते उजव्या कुशीवर, माझ्याकडे तोंड करून झोपले आहेत. मंगलाबाई जाताना म्हणाल्या, "आता कसं शांत वाटतंय बघा." बोलल्या माझ्याशी!

सईला फोन केला. म्हटलं, आजोबांनी सांगितलंय, पंचक सुटलं. ती म्हणाली, "आई, तू त्यात अडकली होतीस होय?" आणि मग तिनंही मोठा श्वास सोडला. म्हणजे तीही मोजत होती. मीच घाबरवून ठेवलंय पोरीला.

१ डिसेंबर, सोमवार

बाबा गेले. सकाळी दहा चाळीस. सहाची गोळी घेतली होती, मग झोपच. कळलंसुद्धा नाही.

सुटल्यावर गेले. पंचक सुटल्यावर गेले. देवा, तुझे उपकार.

२ डिसेंबर, मंगळवार

काल खालच्या काकू आल्या, म्हणाल्या, "एकादशीला गेले, भाग्यवान हो. पण नेमकं पंच—" आल्हादनं त्यांना मध्येच तोडलं, काकू, तुळशीचं पाणी आणा बरं. मला तेव्हा काही वाटलं नाही. लोक कॅलेंडर बघतात, त्यांना आमच्या घरचं गणित कुठलं माहीत.

अमरधामला मीच अग्नी दिला. बाबांनी तसं सांगून ठेवलं होतं. त्याआधी आल्हाद माझ्याकडे पाठ करून बाबांजवळ वाकला आणि पंच्याखालून एकेक काहीतरी ठेवत गेला. डोक्याशी, डोळ्यांशी, काखेत, बेंबीशी, पायाशी. मी बाजूला झाले आणि पाहिलं. दर्भाचे पुतळे. पीठ लावलेले, लोकरीच्या धाग्यानं बांधलेले. मी मोजले. पाच.

सगळं झाल्यावर बाहेर नळावर हात धुताना आल्हादला विचारलं, पंचक रविवारीच संपलं होतं ना? मग पुतळे कशाला?

तो हात पुसत म्हणाला, "ताई, गुरुजींनी शुक्रवारीच बांधून ठेवायला सांगितले होते. म्हणाले, मी पंचकातच जाणार, मालूला कळू देऊ नकोस."

"आणि घरचं गणित?"

"असं काही नसतं, ताई. दोन पंचांगांत घटका-दोन घटकांचा फरक पडतो. अख्खा दिवस पडत नाही."

मला बाबांचा राग आला. चिता पेटलेली आणि मला राग येत होता! गोळीसाठी खोटं बोलले? अजून एक दिवस निघाला नसता का? लेकीपेक्षा, सईपेक्षा दुखणं जड झालं? असं वाटलं, आणि असं वाटल्याचीही लाज वाटली, पण राग गेला नाही. आज दिवसभर तो घेऊनच बसले आहे. आणि पुन्हा मोजते आहे. एक जुना, पाच नवे.

१० डिसेंबर, बुधवार

आज दहावा. रामकुंडाकडे सिंहस्थाच्या कामांनी सगळं खोदून ठेवलंय, फळ्यांवरून चालत जावं लागलं. बाबांच्या नेहमीच्या जागेवर आल्हाद बसला होता आणि समोर यजमान म्हणून मी. पिंडाला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, काही इच्छा राहिली नव्हती. मी ऐकून घेतलं.

निघताना आल्हादनं गुरुजींचं पंचांग मागितलं, आठवण म्हणून. घरी येऊन द्यायला काढलं तर त्यातून तो कागद पडला. गणिताचा. बाबांनी मला बघू दिला नव्हता तो.

त्यावर गणित नव्हतंच. वाकडंतिकडं, एकावर एक आलेलं, पण वाचता येत होतं.

गुरु २ – अर्धी. ६ – अर्धी. रात्री – एक.
शुक्र ६ – अर्धी. १० – अर्धी. २ – अर्धी. ६ – साखर. रात्री – एक.
शनि ६ – अर्धी. १० – नाही. २ – अर्धी. ६ – साखर. रात्री – एक.
रवि ६ – अर्धी. १० – नाही. २ – अर्धी.

आणि सगळ्यात खाली, बाकीच्यापेक्षा नीट, एक रेघ ओढून: रेवती समाप्ती, सोमवार रात्री ११.१८.

लिहिताना त्यांना खोटं लिहिता आलं नाही. फक्त तोंडानं बोलता आलं, तेही उभ्या जन्मात बहुतेक तेवढंच.

त्यांना पहिल्या चमच्यापासून माहीत होतं. शनिवारी सिस्टर समोर उभी असताना एक शब्द बोलले असते तर तिनं त्याच मिनिटाला पूर्ण गोळी दिली असती. बोलले नाहीत. तिच्यासमोर माझी फजिती होऊ दिली नाही. तीन म्हणाले. आणि उपरणं चावत राहिले. मग रविवारी नाहीच सोसवलं, की मलाच सोसवत नाही हे दिसलं त्यांना? दोन्ही असेल. मी तो कागद छातीशी धरून जमिनीवर बसले. बाबा, अहो, तुम्ही मला रागवायचं होतं. एक थोबाडीत मारायची होती.

तेवढ्यात सईचा फोन. घरी सोडलंय तिला, बीपीच्या गोळ्या चालू, फेब्रुवारीपर्यंत पडून राहायचं. अजून दोन महिने. बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "आई, इथे सासूबाईंच्या कॅलेंडरवर पंचक सोमवारी रात्रीपर्यंत दाखवतंय. आजोबा तर सोमवारी सकाळी..."

मी हातातल्या कागदाची घडी घातली. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता.

"ते छापील गं," मी म्हटलं. "आपल्या घरचं गणित वेगळं. रविवारी चारलाच सुटलं होतं. आजोबांनी स्वतः काढलं, माझ्यासमोर."

"नक्की?"

"आजोबा कधी चुकले का?"

"नाही," ती म्हणाली. मग हसली. किती दिवसांनी हसली! म्हणाली, पोटात लाथा मारतंय बघ आत्ता.

फोन ठेवला आणि हिरवी वही काढली. उद्या सिस्टर सृष्टी उरलेल्या गोळ्या आणि वही घ्यायला येणार आहे. लाल पेन घेतलं. बाबांचा कागद शेजारी ठेवून एकेक ओळ दुरुस्त केली. 'एक' खोडून 'अर्धी'. 'एक' खोडून 'नाही'. 'एक' खोडून 'साखर'. रात्रीचे 'दोन' खोडून 'एक'. प्रत्येक ठिकाणी माझी सही केली, ऑफिसात करतो तशी. ती पोरगी काय बोलेल ते बोलो, ऐकून घेईन.

शेवटचा रकाना राहिला. दुखणं दहापैकी किती. तिथे चारही दिवस तीन, तीन, तीन लिहिलेलं आहे. ते मी खोडलं आणि पेन तसंच धरून बसले आहे. खरा आकडा मला माहीत नाही.